चवथ (गणेशचतुर्थी) दहा दिवसांवर आली, लेकीला टाइप 1 मधुमेह आहे. नेवऱ्यांचं (करंज्यांचं) काय करू?

सुरंगी | 17 ऑगस्ट, रात्री 11:20

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही फोंड्याजवळ राहतो. लेक दहा वर्षांची, पाचवीत आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हापासून तिची पाण्याची बाटली पुरेनाशी झाली. रात्री चार-चार वेळा उठायची. पावसाळा आहे, थंडीने होत असेल असं आम्हाला वाटलं. बाथरूममध्ये मुंग्या लागायला लागल्या, त्यावर मी पावडर टाकत बसले. गेल्या वर्षीचा युनिफॉर्म तिला सैल झाला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या उंची वाढतेय. मग एका रात्री उलट्या, पोटात दुखणं आणि जोरजोरात श्वास. जवळच्या डॉक्टरांनी दमा समजून वाफ दिली. तिच्या तोंडाला काजूच्या पिकलेल्या बोंडासारखा वास येत होता, तो मला आजही आठवतो. पहाटे बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेलं तेव्हा शुगर 512 आणि लघवीत कीटोन्स, म्हणजे इन्सुलिन नसलं की अंगात साठणारी आम्लं. दोन दिवस आयसीयू, एकूण नऊ दिवस इस्पितळात. टाइप 1 मधुमेह.

आता रात्री लॅन्टस (लांब पल्ल्याचं इन्सुलिन) 8 युनिट आणि तीन जेवणांआधी नोव्होरॅपिड (झटपट काम करणारं इन्सुलिन) असं चालू आहे. घरी बसलंय हळूहळू. पण 27 ला चवथ. पेडण्याला मूळ घरी जायचं, चाळीस माणसं, पाच दिवस. सासूबाईंचं म्हणणं दोन गोष्टींचं. एक, तिला गोडाला हातच लावू द्यायचा नाही, वेगळं ताट करायचं. दुसरं, नातेवाइकांना काही सांगायचं नाही, मुलीची जात आहे, उद्या लग्न व्हायचंय.

काल लेकीने विचारलं, "आई, मी ह्या वर्षी नेवऱ्या फक्त भरू लागायच्या का?" दरवर्षी ती कातणाने कडा कापते आणि पहिली तळलेली नेवरी तिची असते. मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही काय करता?

---

अबोली79

दे. नेवरी दे.

माझा मुलगा सहाव्या वर्षी ह्यातून गेला, आज चौदाचा आहे. पहिल्या चवथीला मी त्याला वेगळं ताट केलं होतं. भाकरी, भाजी, काकडी. त्याने काहीच म्हटलं नाही, सगळं खाल्लं. दुसऱ्या दिवशी दुपारी शुगर 340. देवघरामागच्या खोलीत डब्यातून चार नेवऱ्या चोरून खाल्ल्या होत्या. चोरून खाल्ल्या म्हणून इंजेक्शन नाही, आणि इंजेक्शन नाही म्हणून 340. नेवरीने जेवढं बिघडलं नाही तेवढं त्या वेगळ्या ताटाने बिघडलं.

मुलांचं इन्सुलिन खाण्याला जुळवायचं असतं. ताटात कर्बोदकं किती आहेत ते मोजायचं आणि त्या मापाने जेवणाआधीचा डोस. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण 28 ग्रॅम धर. साखर म्हणजे जवळजवळ सगळं कर्बोदकच. नेवरीचंही गणित होतं, फक्त घरच्या मापाने करावं लागतं. तुझ्या डॉक्टरांनी एका युनिटला किती ग्रॅम सांगितलंय?

---

सुरंगी

एका युनिटला 20 ग्रॅम, ताई. इन्सुलिनच्या पेनवर अर्धा-अर्धा युनिट लावता येतो. पण नेवरीत किती ते कोणी सांगितलेलं नाही.

---

नाना_फोंडा

माफ करा, मला हे पटत नाही. मला स्वतःला बावीस वर्षं मधुमेह आहे. साखर सोडली, भात कमी केला, रोज सकाळी चालतो, म्हणून पाय शाबूत आहेत. आणि इथे दहा वर्षांच्या पोरीला तळलेलं गोड द्या म्हणताय! जिभेचे लाड आज पुरवाल, पुढे डोळे आणि मूत्रपिंडं तिलाच सांभाळायची आहेत. मुलं आपण सांगू तसं शिकतात. नाही म्हणायला शिकवा.

---

अबोली79

नाना, रागावू नका, पण तुमचा आणि तिचा आजार फक्त नावाने एक आहे. तुमच्या शरीरात इन्सुलिन तयार होतं, ते पुरत नाही किंवा लागू पडत नाही. तिच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी तिच्याच प्रतिकारशक्तीने मारल्या. गोड खाऊन हे झालं नाही आणि गोड सोडून बरं होणार नाही. तिने नुसती काकडी खाल्ली तरी इन्सुलिन लागणारच.

उपाशी ठेवण्याचा उपाय जगाने करून पाहिलाय. इन्सुलिन येण्याआधी अशा मुलांना जेमतेम अन्नावर ठेवत, म्हणजे चार महिने जास्त जगत. हाडांचे सापळे झालेल्या त्या मुलांचे फोटो मी एकदा पाहिले, पुन्हा पाहवले नाहीत. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत पहिलं इन्सुलिन ज्याला टोचलं तो चौदा वर्षांचा मुलगा होता. माझ्या मुलाच्या आजच्या वयाचा.

डोळे-मूत्रपिंडांची काळजी तुमची खरी आहे. त्यासाठीच मोजायचं. एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) 7 च्या आत ठेवायचा प्रयत्न करायचा, नेवरी खाऊनसुद्धा.

---

पणजीकर

एक छोटी भर. इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगचा वाढदिवस 14 नोव्हेंबर, म्हणून तो जागतिक मधुमेह दिन. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन. शाळेत भाषणाला विषय हवा असेल तर लेकीला हा द्या, बाई खूश होतील.

---

कुळागर

ताई, इन्सुलिन एकदा लागलं की सुटत नाही म्हणतात, पण आमच्या सत्तरी तालुक्यात एका मुलाचं सुटलं. वैद्यांनी झाडपाला दिला, कारल्याचा रस, कढीपत्ता, आणखी दोन मुळ्या. तीन महिन्यांत डोस निम्म्यावर आला, आता बंदच केलाय. हवं तर पत्ता देतो. मला त्यात काही मिळत नाही, पोरीसाठी सांगतोय.

---

रात्रपाळी

कुळागर, तुमचा हेतू चांगला आहे ह्याबद्दल शंका नाही. तरीही हे वाचून मी ड्यूटी संपवून घरी न जाता इथे बसून लिहितेय. लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, एकोणीस वर्षं.

निदान होतं तेव्हा थोड्या पेशी जिवंत असतात. बाहेरून इन्सुलिन मिळालं की त्यांना विसावा मिळतो आणि त्या पुन्हा थोडं काम करायला लागतात. मग डोस उतरत जातो. ह्याला हनीमून काळ म्हणतात. कोणाचा काही आठवडे, कोणाचा वर्षभर. नेमक्या त्याच काळात घरचे झाडपाला सुरू करतात आणि उतरलेल्या डोसचं श्रेय त्याला जातं. नंतर त्या पेशीही जातात. त्या वेळी इन्सुलिन बंद असेल तर रक्तात आम्ल साठतं, पोर श्वासासाठी धडपडतं आणि आमच्याकडे येतं. सगळीच वेळेवर येत नाहीत.

एवढंच करा, त्या घरी फोन करा. मूल पाणी जास्त पितंय का, बारीक झालंय का, रात्री उठतंय का विचारा. आणि आजच्या आज शुगर बघायला सांगा.

---

कुळागर

हनीमूनचं मला ठाऊक नव्हतं. करतो फोन.

---

म्हापसेकर_औषधवाला

सुरंगीताई पेन वापरतात म्हणून त्यांना हा प्रश्न नाही, पण वाचणाऱ्यांसाठी लिहितो. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. बऱ्याच कुप्यांमध्ये एका मिलिलिटरला 40 युनिट, पेनच्या काडतुसांत 100. सिरिंजही वेगळ्या: 40 ची लाल टोपी, 100 ची केशरी. 100 वाल्या कुपीतून लाल टोपीच्या सिरिंजने 10 युनिट भरले तर अंगात जातात 25! उलटं केलं तर जेमतेम 4.

गेल्या मे महिन्यात सुट्टीला आलेलं एक कुटुंब दुकानात आलं. पेन हॉटेलात पडून फुटलेलं. वडील म्हणाले, काडतूस आहे, सिरिंज द्या, त्यातून ओढून घेतो. मी टोपी दाखवून थांबवलं, केशरी दिली. घाईत असतो आणि समोर लाल असती तर? पेन बंद पडलं तर काय करायचं, हे पेन चालू असतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा. पेडण्याला जाताना दुसरं पेन आणि सुया वेगळ्या पिशवीत, वेगळ्या माणसाकडे द्या.

---

खाजन

आम्ही केलेली चूक सांगतो. मुलगी बारा वर्षांची. एप्रिलमध्ये दुपारी कळंगुटला गेलो, इन्सुलिनचा पाउच स्कूटरच्या डिकीत राहिला. तीन तास उन्हात. परत येऊन पेन बघितलं, इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ, म्हणून तेच वापरलं. रात्री 290. डोस दिला, 310. पुन्हा दिला, 330. आम्हाला वाटलं पोरीने आइस्क्रीम लपवून खाल्लं, तिला बोललो. ती रडत म्हणत होती, नाही खाल्लं. पहाटे उलटी झाली तेव्हा कुठे लक्षात आलं. फ्रीजमधलं नवीन काडतूस लावलं, डॉक्टरांशी फोनवर बोलत बोलत सकाळपर्यंत उतरली.

खराब झालेलं इन्सुलिन दिसायला चांगलं असू शकतं. डोस देऊनही शुगर हलत नसेल तर मुलावर संशय घेण्याआधी पेन बदला. मी माझ्या मुलीची माफी मागितली आहे.

---

कोथरूडवासी

आम्ही पुण्यात लोडशेडिंगला मडक्याची युक्ती करायचो. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, वर ओलं फडकं. फ्रीजशिवाय इन्सुलिन उत्तम राहतं. गावी फ्रीजला जागा नसेल तर करून बघा.

---

दूधसागर

पुण्याच्या कोरड्या हवेत होतं, गोव्यात पावसाळ्यात फार नाही. मडकं गार होतं ते पाणी उडून जातं म्हणून. इथे ऑगस्टात वाळत टाकलेला टॉवेल तीन दिवस ओला राहतो, मडक्यातलं पाणी कुठे उडणार! पाण्यात भिजवून वापरायच्या त्या गार पाउचचंही तेच. सुदैवाने पावसाळ्यात एवढी गरमीही नसते. वापरातलं पेन सावलीत, चुलीपासून लांब ठेवलं तर साधारण चार आठवडे चालतं, वेष्टनावर दिवस दिलेले असतात. न उघडलेली काडतुसं फ्रीजमध्ये, 2 ते 8 अंशांत. बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं. चवथीला फ्रीजमध्ये दूध-नारळाची गर्दी असते आणि कोणीतरी डबा मागे ढकलतं, ते मात्र बघा.

---

मिडफील्ड

मी इथे सगळ्यांत लहान असेन. एकोणीस पूर्ण, अकराव्या वर्षापासून टाइप 1. आयांचे धागे वाचतो कारण मला काय बोलायचं होतं ते तेव्हा सुचलं नव्हतं.

सुरंगीकाकू, वेगळं ताट करू नका. मला वेगळ्या ताटाचा राग यायचा नाही, माझ्यामुळे सगळ्यांना वाईट वाटतंय ह्याचा यायचा. शाळेतून आलो की आईचा पहिला शब्द "किती आहे?" पेपर कसा गेला, गोल झाला का, हे नंतर. आकडा चांगला असला की घर हसायचं, वाईट असला की घर गप्प. मग मी काय केलं? आकडे बनवायला लागलो. वहीत 128, 134, 119, सगळे सुंदर. तीन महिन्यांनी एचबीएवनसी 10.8. आई डॉक्टरांसमोर रडली. डॉक्टर मला म्हणाले, वही फेक, मला खरी शुगर सांग, मी ओरडणार नाही. ते खरंच कधी ओरडले नाहीत. आईनेही घरी "किती आहे" बंद केलं, "काय करू या?" असं विचारायला लागली. दोन वर्षं लागली, पण आता 7.1 आहे.

फुटबॉल सोडायला सांगणारेही भेटले. रेआल माद्रिदचा नाचो बाराव्या वर्षी टाइप 1 झाला, 2024 मध्ये कर्णधार म्हणून चॅम्पियन्स लीग उचलली. तो फोटो माझ्या कपाटाच्या आत चिकटवलेला आहे. मॅचच्या दिवशी मी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोस कमी करतो, मध्यंतरात अर्धा उंडो (पाव) खातो. खरा धोका रात्री असतो. स्नायू खर्च झालेली साखर भरून काढत राहतात, म्हणून पहाटे लो होतं, म्हणजे शुगर फार खाली जाते. मॅचच्या रात्री दोनचा गजर.

आणि हे मोठ्या मुलांच्या पालकांसाठी, कारण आपण गोव्यात राहतो. बारावीनंतर एप्रिलमध्ये मित्रांबरोबर उर्राक (काजूची दारू) प्यायलो, लिमका घालून. कायद्याने एकवीस लागतात हे माहीत होतं. लिमकाची साखर वर दिसली म्हणून इंजेक्शन घेतलं आणि झोपलो. यकृत दारू निस्तरण्यात गुंतलं की वेळेला साखर सोडत नाही. पहाटे चारला आईने हलवून बघितलं तर मी घामाने भिजलेलो, शुगर 38. मित्रांना वाटलं होतं मला चढली आहे. मुलांना नुसतं "पिऊ नको" म्हणू नका, हे कसं होतं ते सांगा. आणि निदान एका मित्राला तरी माहीत असू द्या.

---

अबोली79

मिडफील्ड, तुझी पोस्ट मी नवऱ्याला आणि मुलाला दोघांनाही वाचायला दिली. "किती आहे" हा माझाही पहिला शब्द होता. काल दारात जीभ चावून थांबले.

---

शिक्षिका_डिचोली

माझ्या वर्गात दोन वर्षं असा एक मुलगा होता. पहिल्या महिन्यात मला काहीच कळत नव्हतं. एकदा शारीरिक शिक्षणाच्या तासानंतर गणिताला बसला, हुशार मुलगा, आणि 7 चा पाढा लिहिताना 28 वर थांबला. पुन्हा 28. पुन्हा 28. ओठांच्या वर घामाचे थेंब. मी "लक्ष कुठे आहे?" म्हणून दटावलं. त्याने वर बघितलं तेव्हा नजर ठरत नव्हती. त्याच्या दप्तरातला ग्लुकोजचा डबा शेजारच्या मुलीने काढला. तिला माहीत होतं, मला नव्हतं.

त्यानंतर मी काय केलं ते सांगते. टेबलाच्या खणात त्याच्या नावाचा डबा, त्यात ग्लुकोज पावडर, बिस्किटं, चमचा आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लक्षणं व आई-वडिलांचे नंबर. तो मधल्या सुट्टीपूर्वी बोट टोचायचा, वर्गातच, बेंचवर. पहिले दोन दिवस सगळी मुलं वाकून बघायची, तिसऱ्या दिवशी कोणी बघेना. लो असताना एकट्याला ऑफिसात किंवा मुतारीला पाठवायचं नाही, सोबत कोणीतरी हवंच.

आपल्याकडे प्राथमिक शाळा दीडच्या आत सुटते, जेवण घरी होतं, म्हणून दुपारचा डोस शाळेवर येत नाही. पण शाळा "सुई आणू नका" म्हणाली तर लेखी मागा. सीबीएसईने 2017 पासून टाइप 1 च्या मुलांना परीक्षेत खाऊ जवळ ठेवायला मुभा दिली आहे. राज्याच्या मंडळाची मुलं असतील तर डॉक्टरांचं पत्र जोडून मुख्याध्यापकांमार्फत अर्ज आधीच करा, परीक्षेच्या सकाळी नको.

---

सुरंगी

बाई, तुम्ही माझ्या मनातलं ओळखलंत. शाळेने "सुई नको" तोंडीच सांगितलंय. सुट्टीनंतर पत्र घेऊन जाते.

लो झाल्यावर नेमकं किती द्यायचं ह्यात मी दर वेळी घाबरते. 62 दिसलं की अर्धा डबा चॉकलेट देते आणि मग 280 होते.

---

रात्रपाळी

चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धाने साखर रक्तात उशिरा पोचते, मूल लोच राहतं, म्हणून आपण आणखी देतो आणि नंतर सगळं एकदम चढतं. 70 च्या खाली असेल तर ग्लुकोज किंवा साखरपाणी. मोठ्यांना 15 ग्रॅम, मुलांना वजनाप्रमाणे, किलोमागे साधारण 0.3 ग्रॅम. तुमची लेक किती किलोची आहे? 28 च्या आसपास असेल तर 8-9 ग्रॅम, म्हणजे सपाट दोन चहाचे चमचे साखर. मग पंधरा मिनिटं थांबायचं. ही पंधरा मिनिटं आईसाठी फार लांब असतात, घड्याळ समोर ठेवा. पुन्हा मोजा, अजून खाली असेल तर तेवढंच पुन्हा.

शुद्ध हरपली किंवा झटका आला तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, 108 ला फोन करा, घरी ग्लुकॅगॉन (शुगर वर आणणारं इंजेक्शन) असेल तर टोचा.

अजून एक, सणात हे नेहमी होतं. ताप-उलट्या झाल्या, पोरगी जेवली नाही म्हणून कोणीतरी म्हणतं आज इंजेक्शन नको. रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन बंद करायचं नसतं. आजारपणात उलट शुगर चढते. दर तीन-चार तासांनी मोजा, कीटोन बघा, पाणी देत राहा, डॉक्टरांना फोन करा.

---

खाजन

सेन्सरबद्दल कोणीच बोललं नाही. आम्ही दंडावर लावायचा, सतत शुगर दाखवणारा लिब्रे वापरतो, चौदा दिवस चालतो. रात्री उठून बोट टोचायचं थांबलं, त्यामुळे बायको दोन वर्षांनी सलग झोपली. पण एकेक सेन्सर पाच हजारांच्या आसपास जातो आणि घामाने, समुद्राने सुटतो. वरून टेप लावतो. दंडावर दाबून झोपली तर खोटा लो दाखवतो, म्हणून आधी बोट टोचून खात्री करतो. दर महिन्याला परवडत नाही, एक महिना आड लावतो. तिची पाळी सुरू झाली तेव्हा तो फार उपयोगी पडला. पाळीच्या आधी चार-पाच दिवस तिची शुगर कशानेही उतरत नाही हे आलेखात स्वच्छ दिसलं. तोवर आम्ही तिच्याशीच भांडत होतो.

---

नाना_फोंडा | 22 ऑगस्ट

पाच दिवस हा धागा वाचतोय. त्या 28 वर थांबलेल्या मुलाने आणि उर्राकवाल्या पोराने मला झोपू दिलं नाही. मला माझाच आजार सगळ्यांचा वाटत होता.

सुरंगी, बाय, नेवरीत किती ते कोणी सांगितलं नाही म्हणालीस ना? आज घरी नेवऱ्या केल्या. बायकोला म्हटलं, सगळं वजन करून कर. ती म्हणाली, चाळीस वर्षं हाताच्या अंदाजाने केल्या, आता काटा कशाला? पोरीसाठी म्हटल्यावर स्वतःच काटा पुसून घेतला. मैदा अर्धा किलो, रवा पाव किलो, पिठीसाखर 300 ग्रॅम, सुकं खोबरं पाव किलो, तीळ-वेलची-जायफळ थोडं. बरोबर पन्नास नेवऱ्या झाल्या. पुढचं गणित तुम्ही करा.

---

अबोली79

नाना, काकूंना माझा नमस्कार सांगा.

मैद्याचे साधारण 380 ग्रॅम कर्बोदकं, रव्याचे 180, साखरेचे 300, खोबऱ्याचे वीसेक. मिळून 880. भागिले पन्नास, एका नेवरीत साधारण 17-18 ग्रॅम. सुरंगी, तुझ्या एका युनिटला 20 ह्या मापाने दोन नेवऱ्यांना पावणेदोन युनिट येतात. दीड की दोन, ते त्या वेळची शुगर आणि बाकीचं ताट बघून डॉक्टरांना विचारून ठरव. एकच लक्षात ठेव, तळलेलं आहे. दोन तासांनी शुगर छान दिसेल आणि चार तासांनी वर जाईल. दोन तासांच्या आकड्यावर खूश होऊन झोपू नकोस.

---

संपादक

इथले डोस त्या-त्या मुलाचे आहेत. कृपया कोणीही उचलून आपल्या मुलाला देऊ नयेत.

---

कुळागर | 23 ऑगस्ट

त्या सत्तरीच्या मुलाला गेल्या महिन्यात इस्पितळात न्यावं लागलं होतं. घरच्यांनी कोणाला सांगितलं नाही. आता इन्सुलिन पुन्हा चालू आहे आणि मूल बरं आहे. मी अर्धीच गोष्ट ऐकून इथे लिहिली, दोन माणसांना तोंडीही सांगितली होती. त्या दोघांना आज फोन केले.

---

रात्रपाळी

बरं केलंत. मनापासून आभार.

---

सुरंगी | 2 सप्टेंबर

परत आलो. सांगायचं खूप आहे.

मूळ घरी पोचल्यावर मी ठरवलं की लपवायचं नाही, पण कोणाला गोळा करून सांगायचंही नाही. पहिल्या संध्याकाळी माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची सजावट) बांधून झाली, मुलं ओटीवर बसली होती, लेकीची वेळ झाली. ती तिथेच बसली आणि बोट टोचलं. धाकट्या दिराचा मुलगा म्हणाला, "तुझं रक्त गोड आहे?" ती म्हणाली, "आज 134 आहे, तुझं बघू?" मग सगळ्यांना आपलं बघायचं होतं! दर वेळी नवी सुई लावत सहा जणांच्या सहा स्ट्रिप्स गेल्या, मी जाऊ दिल्या. सासूबाई दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. रात्री माझ्या मोठ्या जावेने त्यांना विचारलं तेव्हा त्यांनीच सगळं सांगितलं, तिचं इंजेक्शन कसं असतं, किती वाजता असतं, अगदी बरोबर. मला वाटत होतं त्यांचं लक्ष नाही.

नेवऱ्या लेकीनेच कातल्या. नानांच्या काकूंचं माप फोनवर होतंच, आमच्याकडेही काटा ठेवून केल्या. आमची नेवरी जरा मोठी, 20 ग्रॅम निघाली, त्यामुळे गणित सोपं झालं. दोन नेवऱ्या, दोन युनिट, डॉक्टरांना विचारून. आधी 126. दोन तासांनी 158. अबोलीताई म्हणाल्या तसंच चार तासांनी 231. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं त्याप्रमाणे अर्धा युनिट दिला, घुमट आरती संपेपर्यंत 170 वर आली. तिसऱ्या दिवशी धावाधावीत एकदा 58 झाली. दोन चमचे साखर, घड्याळ समोर. पंधरा मिनिटांनी 84. चॉकलेट दिलं नाही.

एक प्रसंग वाईटही झाला. एका नातेवाईक बाईंनी तिच्यासमोर "अरेरे, एवढ्या लहान वयात" म्हणून डोळ्याला पदर लावला. लेक रात्री अंथरुणात विचारत होती, मी मरणार आहे का. मी तिला मिडफील्डची पोस्ट वाचून दाखवली, उर्राकचा भाग सोडून. तिने विचारलं, तो दादा कुठल्या जागेवर खेळतो?

---

मिडफील्ड

नावातच आहे, मिडफील्डला. तिला सांगा, दहा नंबरची जर्सी. आणि पणजीला आलात तर मिरामारला भेटू, बॉल मी आणतो, ग्लुकोज तिने आणायचं.

---

शिक्षिका_डिचोली

सुरंगी, शाळेचं काय झालं?

---

सुरंगी

उद्या जातेय, बाई. तुमच्यासारखाच डबा तयार केलाय, कागद लेकीने स्वतः लिहिलाय. पहिली ओळ: "मी एकच गोष्ट परत परत लिहायला लागले तर मला ओरडू नका, साखर द्या."

---

नाना_फोंडा

सुरंगी, बायको विचारतेय, दिवाळीला पाच तऱ्हेचे फोव (पोहे) होतात, ते सुके असताना तोलायचे की भिजवल्यावर?

---

अबोली79

सुके, नाना. शंभर ग्रॅम सुक्या पोह्यांत साधारण 77 ग्रॅम. भिजवल्यावर पाणी किती धरलं ह्यावर वजन बदलतं. गूळ मात्र वेगळा तोलायला सांगा काकूंना.